नऊ आठवडे आणि एक फॉर्म

एडीएचडी (लक्ष हवं तिथे लावता न येण्याची अवस्था) आहे का हे तपासायला गेले, तर हातात काय पडलं? फॉर्म! ज्या माणसाला साधा कागद वेळेवर भरता येत नाही, त्यानेच तो सविस्तर भरायचा, लहानपणीचे पुरावे जोडायचे आणि आठवणीने परत आणून द्यायचा. ही पद्धत ज्याने काढली त्याला एकदा भेटायचंय मला.

नऊ आठवडे तो टेबलावर पडून होता. हरवला नव्हता, मी विसरलेही नव्हते. रोज डोळ्यांसमोर असायचा. नेमकं हेच कुणाला पटत नाही. आळशी माणूस निदान निवांत लोळतो तरी. मी पेन उघडून बसायचे, 'लिही आता' म्हणून स्वतःला दटावायचे आणि हात काही हलायचा नाही. मग पेनाचं टोपण सैल वाटायचं. टोपणाला वर भोक का असतं, हे शोधण्यात दीड तास जायचा. त्या दीड तासात मात्र कुणी हाका मारल्या तरी ऐकू यायच्या नाहीत. लक्ष नसतंच असं नाही हो, ते कुठे जाऊन बसेल यावर आपलं काही चालत नाही.

फॉर्ममध्ये जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची यादी होती. पहिलाच प्रश्न: अवघड भाग उरकल्यावर कामाचं शेवटचं किरकोळ आवरताना अडतं का? पर्याय 'कधीच नाही'पासून 'अगदी नेहमी'पर्यंत पाच. 'बऱ्याचदा' की 'अगदी नेहमी', यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. (यावर इतका विचार करू नका. पहिलं मनात येईल त्यावर खूण करा.)

पुरावे लागतात कारण लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. २०१३ पर्यंत अमेरिकी निकषांत ही अट ७ वर्षांची होती. आईला विचारलं तर म्हणाली, "तुला कसलं काय? धांदरट होतीस, बास." जुन्या प्रगतिपुस्तकांत मात्र दरवर्षी तोच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नसते. ती आधी शोधून ठेवा, हे खरं तर मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

फॉर्म दिल्यानंतरची तपासणीची मुलाखत सोपी गेली. निदान झालं, घरी येऊन रडले, बरंही वाटलं.

त्याआधी फॉर्म शेवटी भरला गेला तो ताई शेजारी बसली म्हणून. ती बोलली नाही की मदत केली नाही, आपलं आपलं काम करत होती. तेवढ्याने हात चालला. का ते विचारू नका, पण करून बघा.

ऐटीत नेऊन दिला. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटला आणि म्हणाल्या, "मागची बाजू कोरी आहे. पाच मिनिटांत बंद करतोय आम्ही."

तिथेच उभ्याने भरली. चार मिनिटांत.