तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला नर्सिंगला टाकू का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घराची बेल वाजू लागते. नीटचा निकाल लागला की ती पुन्हा वाजू लागते, आणि या दुसऱ्या खेपेला येणाऱ्या आईवडिलांचे चेहरे जरा उतरलेले असतात. कूलरसमोरच्या खुर्चीत बसून, पाण्याचा पेला अर्धा संपवून, सगळे साधारण एकच विचारतात: "सिस्टर, एमबीबीएसचं तर जमत नाही, मग पोरीला नर्सिंगला टाकू, की फिजिओथेरपी बरी, की लॅबचं काही?" शहरातल्या एका शासकीय रुग्णालयात तेहतीस वर्षे नोकरी करून मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स, म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे माझे उत्तर नर्सिंगच्याच बाजूने असणार असे गृहीत धरून ते येतात. पुष्कळदा ते तसे नसते, आणि का नसते हे सांगता सांगता दर वेळी चहा थंड होतो, म्हणून एकदा लिहूनच काढते.

या सगळ्या कामांत पगाराचा आणि मानाचा फरक आहेच, पण ज्यावर माणूस त्या कामात टिकतो किंवा टिकत नाही तो फरक वेगळा आहे: रुग्णाच्या किती जवळ आणि किती वेळ राहावे लागते. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. फिजिओथेरपिस्ट अर्धा तास व्यायाम करून घेतो, एक्स-रेचा तंत्रज्ञ दहा मिनिटांत मोकळा होतो, लॅबमधल्या माणसापर्यंत रुग्णाची केवळ नळी पोहोचते आणि औषधवाल्यापर्यंत चिठ्ठी. नर्स मात्र सबंध पाळीभर तिथेच असते, रुग्णाच्या कण्हण्यासह, नातेवाइकांच्या प्रश्नांसह आणि रात्री तीन वाजता लागणाऱ्या तहानेसह. म्हणूनच रुग्णात झालेला बदल बहुतेक वेळा तिच्या डोळ्यांना आधी दिसतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक मध्यमवयीन माणूस एका रात्री सारखी कूस बदलत होता. रक्तदाब ठीक होता, आणि नुसता कागद पाहणाऱ्याला काळजीचे कारण दिसले नसते. पण नाडी दर तासाला थोडी वर सरकत होती, तळहात गार व ओलसर लागत होते आणि लघवीच्या पिशवीतली पातळी दोन तासांत जवळजवळ हललीच नव्हती. झोपलेल्या निवासी डॉक्टरांना मी उठवले. आतून रक्तस्राव होत होता. रक्तदाब शेवटी कोसळतो, तोवर थांबलो असतो तर फार उशीर झाला असता. हे शिकवता येते, परंतु त्यासाठी माणसाजवळ थांबण्याची मुळात ओढ लागते.

ती ओढ कोणात आहे हे ओळखण्यात मी स्वतः एकदा सपशेल चुकले आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी अतिशय शांत, अक्षर मोत्यासारखे, वह्या नेटक्या. तिच्या शांतपणालाच मी सहनशीलता समजले आणि तिच्या आईला ठामपणे सांगितले की हिला बीएस्सी नर्सिंगलाच घाला. दुसऱ्या वर्षी वॉर्डात जाऊ लागल्यावर तिची झोप उडाली. कामात ती कुठेच कमी पडत नव्हती. सलाईन लावताना तिचा हात कापत नसे आणि इनटेक-आउटपुटचा, म्हणजे शरीरात गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा, तक्ता तिच्याइतका अचूक कोणी भरत नसे. पण नातेवाइकांचा आक्रोश ऐकला की त्या दिवशी ती जेवत नसे. अखेर तिने शिक्षण सोडले, त्यात फी आणि दीड वर्ष गेले, आणि तिच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे मला अजून टोचते. पुढे तिने आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा लॅबचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, पूर्ण केला. तीन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर इंटर्नशिप. आज ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या करते. पूर्व विदर्भात या कामाचे मोल किती आहे हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारावे. आधीची सोपी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच दाखवते. तो माणूस नुसता वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळते. लग्न ठरवताना, बाळ पोटात असताना त्या एका अहवालावर घरे अवलंबून असतात. लॅबला "नुसत्या नळ्या हलवायच्या" म्हणणाऱ्यांवर म्हणूनच मी चिडते.

फिजिओथेरपीला धीर वेगळ्या जातीचा लागतो. अर्धांगवायूने आडव्या झालेल्या माणसाला पुन्हा चमचा धरता यावा म्हणून महिनोन्महिने तीच हालचाल करून घ्यायची, आणि या आठवड्यात गेल्या आठवड्यापेक्षा अर्धा इंच हात वर गेला यात आनंद मानायचा. पुढे स्वतःचे केंद्र उघडता येते, ही त्यातली मोठी सोय. मात्र आपल्या राज्यात त्याचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षे जातात आणि खासगी महाविद्यालयाची फी आधी विचारून घ्यावी. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची आहे. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगांसमोर औषधांच्या दुकानांचीही रांग का आहे, हे नागपूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला हिशेब आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळता येतात त्याने तिकडे जावे.

आता नर्सिंगकडेच वळायचे ठरले तर आणखी एक गोंधळ सोडवावा लागतो, कारण "नर्सिंग" या एका शब्दात लोक तीन वेगवेगळी शिक्षणे कोंबतात. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, दोन वर्षांचे असून त्यातून प्रामुख्याने उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविका तयार होतात. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसविका पदविका, तीन वर्षांचे, आणि त्याला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. बीएस्सी चार वर्षांचे. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला त्यांतल्या पहिल्या तीन विषयांत एकत्रित ४५ टक्के लागतात आणि राज्याची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. परवडत असेल तर मी बीएस्सीच सांगते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉरसेट परीक्षा बीएस्सीवाल्या मुलीला नोंदणी झाली की लगेच देता येते, जीएनएमला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव आधी मिळवावा लागतो. मुलग्यांच्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे की त्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत. अर्थात ब्रदर मंडळी, म्हणजे पुरुष नर्स, मी कॅज्युअल्टीत आणि ओटीत उत्तम काम करताना पाहिली आहेत.

प्रवेशाआधी भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींची मान्यता तपासावी, आणि ती फलकावर न पाहता परिषदांच्या यादीत पाहावी. उमरेडकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने कुठल्याशा संस्थेतून एक वर्षाचा "नर्सिंग कोर्स" केला होता आणि चार वर्षे एका खासगी दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत होते. शासकीय भरतीची जाहिरात निघाली तेव्हा तिला कळले की परिषदेकडे आपली नोंदणीच होऊ शकत नाही. तिला सुई लावता येत होती, ड्रेसिंग करता येत होते, पण कागदावर ती नर्स नव्हतीच.

कष्टांबद्दल मी काहीही लपवत नाही. परिषदेचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक. मी साठ खाटांच्या वॉर्डात दोघींनी रात्र काढलेली आहे, तीही अशी की खाटांइतकेच रुग्ण खाली गाद्यांवर होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की उष्माघाताच्या रुग्णांसाठी शीत वॉर्ड उघडतो आणि बर्फ, ओल्या चादरी, कूलरचे पाणी या सगळ्यांची धावपळ नर्सच्या अंगावर येते. खासगीत सुरुवातीचा पगार ऐकून बाप गप्प होतात. सरकारी पगार चांगला असतो, पण त्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. परदेशाचे विचारणाऱ्यांना मी सांगते की पारपत्राच्या आधी भाषा शिका, आणि घाईने एजंटाला पैसे देऊ नका.

एवढे सांगून झाल्यावर मी पालकांना बाजूला ठेवते आणि मुलीला विचारते: घरात कोणी आजारी पडले होते तेव्हा तू काय करत होतीस? यंदा जूनमध्ये आलेल्या मुलीची आजी वर्षभर अंथरुणाला खिळून होती. आईने मुलीच्या वतीने घाईघाईने सांगितले, "हिनंच तर सगळं केलं, सिस्टर." मुलगी खाली मान घालून म्हणाली, "नाही. मी खोलीत जातच नव्हते. वास यायचा." आई शरमेने लाल झाली. मला ते उत्तर आवडले, आणि वास तर लॅबमध्येही असतो, लघवी आणि थुंकीचे नमुने रोज हाताळावे लागतात, हे मी तिला बजावले. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "तो चालेल मला. तो आजीचा नसेल."