आमची वाटचाल: प्रयोगशाळेतून केळीच्या बागेत

सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना एक सवय अंगी मुरते. नमुने किती, जमीन कोणती, प्रयोग किती वेळा केला, हे सांगितल्याशिवाय निष्कर्ष बोलायचा नाही. जळगावच्या विद्यापीठात लागलेली ही सवय मला आजही प्रिय आहे. पण कृषी केंद्राच्या काउंटरवर "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" म्हटलं, की दुकानदार आमच्या जीवाणू खताची बाटली परत सरकवतो. चोपड्याकडच्या एका दादांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मना बागले काय फायदा, ते सांग ताई."

मी आणि माझी वर्गमैत्रीण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणाऱ्या जीवाणूंचं द्रवरूप खत तयार करतो. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत दिलेलं बरंचसं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. हे जीवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. प्रयोगशाळेत प्लेटवर त्यांच्या वसाहतीभोवती पारदर्शक वलय उठतं. बागेत असं वलय दाखवता येत नाही, आणि लागवडीपासून कापणीपर्यंत जवळपास वर्ष जातं.

मग आम्ही दोघी बसलो आणि कोणती गोष्ट छातीठोक सांगता येईल, ते शोधलं. सापडली ती जिवंत जीवाणूंची संख्या. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जीवाणू लागतात. कारखान्यातून निघताना तेवढे असणं सोपं आहे. जळगावचा मे महिना 45 अंशांपर्यंत जातो. दुकानाच्या फळीवर ते टिकतात का, हा खरा प्रश्न. म्हणून विक्रीला ठेवलेल्या बाटल्या आम्ही उन्हाळ्यात परत आणून मोजतो, संख्या घटली तर तो सगळा माल उचलतो. या मोजणीबद्दल बोलताना माझा आवाज कधी चाचरला नाही.

दुसरं बळ कोऱ्या ओळींनी दिलं. बागायतदाराला आम्ही सांगतो, "सगळ्या बागेला द्या, पण चार ओळी सोडा." बाकी खत-पाणी तेच, ठिबक तेच. कापणीला दोन्हीकडचे घड त्याच्याच काट्यावर तोलायचे. काही बागांत फरक ठळक आला, काहींत आलाच नाही. जिथे आला नाही, तिथल्या माती परीक्षणात स्फुरद आधीच भरपूर होतं. तेव्हापासून आधी मातीचा अहवाल मागतो, आणि गरज नसेल तिथे "घेऊ नका" म्हणतो. विक्रेत्यांना सुरुवातीला हे पटेना. आता तेच शेतकऱ्याला सांगतात, "आधी रिपोर्ट आणा."

दर ठरवणं मात्र फार जड गेलं. शास्त्रज्ञाला स्वतःच्या वेळेचे पैसे मागायची सवय नसते. जीवाणू वाढवायचं माध्यम, वीज, बाटल्या, विक्रेत्याचं कमिशन, माल कापणीपर्यंत उधारीत अडकल्यावर लागणारं व्याज आणि आमचे दोघींचे पगार, असा सगळा हिशेब मांडला आणि तो एका खोडाला किती पडतो ते काढलं. केळीवाला एकरात बोलतच नाही, खोडांत बोलतो. त्या भाषेत दर सांगता आला तेव्हा घासाघीस झाली तरी मन डळमळेनासं झालं.

या जिल्ह्यात जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी 1978 मध्ये केळी पावडरचा बंद कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन हे विकर, म्हणजे एन्झाइम, बनवायला सुरुवात केली. व्यापारी माणूस विकर समजून घेऊ शकतो, तर विकर शिकलेल्यांनी व्यापार का समजून घेऊ नये? नव्याने येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुला-मुलींना आम्ही हेच सांगतो. पहिला महिना त्यांना प्लेट मोजायला बसवत नाही. रावेर-यावलच्या बागांत पाठवतो, बोलायला नव्हे, ऐकायला.

सध्या मर रोगासाठी, म्हणजे झाड वाळवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीवर काम चालू आहे. ते रोगावरचं औषध म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, परिणामकारकतेची आणि विषारीपणाची माहिती द्यावी लागते. ती गोळा करायला वेळ लागेल. तोपर्यंत कुणी मागितलं तरी आम्ही विकणार नाही.