पुड्यात १६, कामाचे १४

ब्रेडच्या पुड्यात स्लाईस किती हे मला न मोजता सांगता येतं असा माझा गेल्या महिन्यापर्यंत गोड गैरसमज होता. सोसायटीच्या पोरांचे खेळ होते, २० पोरं, प्रत्येकाला २ सँडविच, म्हणजे ४० सँडविच, म्हणजे ८० स्लाईस. ४०० ग्रॅमचा पुडा, एक स्लाईस साधारण २५ ग्रॅम, भागिले केलं की १६. पाच पुडे. विषय संपला. एकजण म्हणाला सहा आण, तर मी त्याला वर गणित समजावलं.

आता ४०० भागिले २५ हे चौथीतलं पोरही सांगेल, पण ब्रेड काही वजन बघून कापत नाहीत ना. कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत ते कटर मशीन बघत मी कितीतरी वेळा उभा राहिलोय, एका ओळीत पाती लावलेली, अख्खा ब्रेड त्यात गेला की खर्रकन एकदम सगळे स्लाईस. दोन पात्यांत जेवढं अंतर तेवढा स्लाईस जाड. वीतभर ब्रेड आणि सव्वा सेंटिमीटरची फट, की झाले १६च्या आसपास. आणि भट्टीतून नुकताच निघालेला ब्रेड ते कापून देत नाहीत, आपण कितीही घाई केली तरी, कारण गरम ब्रेड पात्याला चिकटतो आणि नुसता चुरा होतो.

हे मशीनवर कापणं तसं फार जुनं नाही. अमेरिकेत मिसूरीतल्या चिलिकॉथी नावाच्या गावात १९२८ साली ओटो रोवेडरच्या मशीनवर कापलेला ब्रेड पहिल्यांदा दुकानात आला. लोकांना त्याची इतकी सवय लागली की १९४३च्या जानेवारीत युद्धापायी सरकारनं कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली तर ती दोन महिनेसुद्धा टिकली नाही, मार्चमध्ये उठवावी लागली. पटतं मला. सकाळी डब्याच्या घाईत हातात सुरी देऊन एकसारखे स्लाईस काप म्हणालं तर मीही मोर्चा काढेन.

तर खेळांच्या दिवशी सकाळी सहाला पुडे फोडले. मोजले, १६ होते, छाती फुगली. मग दिसलं की त्या १६त दोन्ही टोकांचे ते तपकिरी पाठीचे तुकडेही धरलेले आहेत, जे आमच्या घरी शेवटपर्यंत पुड्यात वाळत पडतात, कारण जो तो त्यांच्यामागे हात घालून मधला स्लाईस ओढतो. म्हणजे कामाचे १४. पाच पुड्यांचे ७०. सँडविच ३५. पाच पोरं रडणार, आणि त्या वेळी दुकानं बंद.

आई चटणी वाटत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "टोकं किती उरली?"

"दहा."

"मग झालं की. पाठ आत घाल."

मला आधी कळलंच नाही. तिनं दोन टोकं घेतली, तपकिरी बाजूला बटर आणि वर चांगली जाड चटणी फासली, काकडी ठेवली आणि दुसरं टोक त्यावर पालथं घातलं. बाहेरून दोन्हीकडे पांढरं. तिरकं कापून बाकीच्यांत मिसळलं तर मलाच ओळखू येईना. दहा टोकांची पाच सँडविच, ३५ आणि ५, बरोब्बर ४०.

एका पोरानं येऊन विचारलं, काका ते कुरकुरीतवालं अजून एक आहे का?