मेलबर्नमधली इतिवृत्तं आणि अकरा नंबरची ट्राम

मेलबर्नला लेकीकडे जाणारे आईबाप जे करतात ते सगळं आम्हीही केलं. ग्रेट ओशन रोड झाला, फिलिप आयलंडचे पेंग्विन झाले. पेंग्विन छान असतात, थंडी फार असते, संपलं. मला खरी ओढ होती ती शहराच्या मधोमध असलेल्या स्टेट लायब्ररीची. आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून निम्मं आयुष्य इतिवृत्तं लिहिण्यात गेलं. त्यामुळे दुसऱ्यांची इतिवृत्तं वाचायचं व्यसनच लागलंय म्हणा ना.

लायब्ररीचा १९१३ सालचा अष्टकोनी घुमट बघायला पर्यटकांची रीघ असते. माझं काम मात्र दुसऱ्या खोलीत होतं. हस्तलिखितांच्या त्या खोलीत पिशवी बाहेर ठेवायची, पेन बाहेर ठेवायचं आणि फक्त पेन्सिल घेऊन आत जायचं. खोकी आधी मागवून ठेवावी लागतात. मी मागवली होती ती ‘कौन्सिल फॉर ॲबोरिजिनल राइट्स’ या संस्थेच्या दप्तराची. ॲबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, त्यांच्या हक्कांसाठी झटणारी ही संस्था.

ही संस्था १९५१ साली मेलबर्नमध्ये निघाली, पण तिचं मूळ हजारो किलोमीटर दूर, उत्तर टोकाच्या डार्विनमध्ये आहे. तिथल्या ॲबोरिजिनल कामगारांनी वेतनासाठी संप केला. सरकारने संपाचा पुढारी फ्रेड वॉटर्स याला उचललं आणि आतल्या वाळवंटी मुलखात, हास्ट्स ब्लफला नेऊन टाकलं. ना खटला, ना शिक्षा. ॲबोरिजिनल माणसाला कुठे ठेवायचं हे सरकारी खातं ठरवत असे, तेवढंच पुरेसं होतं. त्या चिडीतून ही संस्था उभी राहिली.

दप्तर बघून मला आपलंच वाटलं. पत्रव्यवहार, सभांची टिपणं, बातमीपत्रं, कात्रणं. यातला मोठा वाटा शर्ली अँड्र्यूज या बाईंचा. त्या पेशाने जीवरसायनशास्त्रज्ञ, लोकनृत्याच्या नादी, आणि या संस्थेच्या अनेक वर्षं कार्यवाह. मंत्र्याला पत्र, खात्याला स्मरणपत्र, वर्तमानपत्राला खुलासा. कुठल्या राज्यात ॲबोरिजिनल माणसाला मत देता येतं, कुठे स्वतःची मजुरी हातात मिळते, कुठे परवानगीशिवाय लग्नही करता येत नाही, याचा कायद्यांवरून हिशेब. चळवळ म्हटलं की आपल्याला मोर्चा आठवतो. पण मोर्च्याच्या आधी कुणीतरी बसून हे सगळं टंकलेलं असतं. ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत मोजावं आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारला कायदे करता यावेत, यासाठी पुढे २७ मे १९६७ ला झालेल्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं, त्यात या कंटाळवाण्या कामाचा वाटा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. अँड्र्यूजबाई गोऱ्या होत्या. पत्रं लिहिणारे, ती जपून ठेवणारे, पुढे ग्रंथालयाच्या स्वाधीन करणारे बरेचसे गोरेच. सद्भावनेबद्दल शंका नाही, पण ज्याच्याकडे टंकयंत्र आणि कपाट, त्याचंच दप्तर मोठं होतं. हा प्रश्न चळवळीतही पेटला होता. १९७० च्या ईस्टरला कॅनबेरात या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाची परिषद भरली. महासंघात मताधिकार फक्त ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांना असावा, असा ठराव आला आणि तो मंजूर झाला नाही. कवयित्री कॅथ वॉकर आणि पास्टर डग निकोल्स यांच्यासारखी मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी नॅशनल ट्रायबल कौन्सिल काढलं. ‘आमचं आम्ही बघू’ हा वाद आपल्या महाराष्ट्रातल्या चळवळींना काही नवा नाही.

म्हणून मग कागद सोडून रस्त्यावर आलो. ८६ नंबरच्या ट्रामने गर्ट्रूड स्ट्रीटच्या तोंडाशी उतरलं की कार्लटन गार्डन्सच्या कोपऱ्यावर मोरेटन बे अंजिराचं जुनं झाड दिसतं. वडाच्याच कुळातलं, तसंच ऐसपैस. १९४० च्या दशकात याच झाडाखाली निकोल्स, मार्गारेट टकर, बिल ओनस हे ॲबोरिजिनल पुढारी भाषणं करत. इथे माईक नव्हता आणि टिपणं घेणाराही कोणी असेल असं वाटत नाही. निकोल्स फिट्झरॉय क्लबचे नावाजलेले फुटबॉलपटू. जवळच गोर स्ट्रीटवर त्यांचं चर्च होतं. १९७६ साली ते साऊथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले.

गर्ट्रूड स्ट्रीटवर आता महागडी कॉफी आणि त्याहून महागडे कपडे मिळतात. पण १९७३ साली २२९ नंबरच्या जागेत ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला. त्याच्या उभारणीत आल्मा थॉर्प आणि ब्रूस मॅगिनेस ही नावं पुढे होती. आल्माबाईंच्या आई एडना ब्राऊन यांनी मयत फंड चालवला होता. आपलं माणूस बेवारशासारखं सरकारी खर्चाने पुरलं जाऊ नये, एवढाच हेतू. मला विचाराल तर या रस्त्याचा इतिहास त्या फंडापासून सांगायला हवा. दवाखाना, कायदा मदत केंद्र, मुलांसाठीची संस्था, सगळं त्याच जातीचं काम. मेल्यावर अब्रूने पोचवायची सोय आधी झाली आणि जगण्याची नंतर.

१९७२ हे सालही मनात घोळत होतं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांवरून प्रेरणा घेऊन त्या वर्षी मुंबईत दलित पँथर निघाली आणि ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियन ब्लॅक पँथर पार्टी. त्याच वर्षी २६ जानेवारीला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिवशी, कॅनबेरात जुन्या संसदेसमोर चार ॲबोरिजिनल तरुणांनी छत्री रोवली आणि आपल्याच देशात आपण परके म्हणून तिला ‘दूतावास’ म्हटलं. मुंबईत पँथरांनी १५ ऑगस्टला काळा स्वातंत्र्य दिन पाळला. दोघांनी राष्ट्रीय दिवसच निवडले, यात मला एकच तर्क दिसतो: ज्या दिवशी देश स्वतःचं कौतुक करतो, त्याच दिवशी त्याला हिशेब विचारायचा. २६ जानेवारी तिथे आधीपासूनच शोकदिन होता. १९३८ साली सिडनीत तो पहिल्यांदा पाळला, आणि त्याची कल्पना मेलबर्नच्या फुटस्क्रे भागातल्या विल्यम कूपर यांची. त्यांनीच संसदेत प्रतिनिधी मागणाऱ्या अर्जावर १,८१४ सह्या गोळा करून तो ब्रिटनच्या राजाकडे पाठवायला सरकारच्या हाती दिला. सरकारने तो पुढे पाठवलाच नाही.

गर्ट्रूड स्ट्रीटवरून ब्रन्स्विक स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलं की ११ नंबरची ट्राम थेट थॉर्नबरीला नेते. तिथे १९५७ साली निघालेल्या ॲबोरिजिन्स ॲडव्हान्समेंट लीगचं कार्यालय आहे. सुरुवातीला इथेही अध्यक्ष आणि चिटणीस गोरे होते. १९७० च्या आसपास कारभार ॲबोरिजिनल लोकांच्या हाती आला आणि आजही संस्था चालू आहे. सेंट जॉर्जेस रोडवर लांबलचक भित्तिचित्र आहे, त्यात हा सगळा इतिहास रंगवलाय. आधी स्टेट लायब्ररी आणि मग हे, असा क्रम ठेवलात तर चित्रातली माणसं ओळखू येतील. वाचक-कार्ड फुकट मिळतं. खोकी मात्र निघायच्या आधीच मागवा, कारण काहींना परवानगी लागते आणि दिवंगत व्यक्तींच्या नावा-फोटोंबद्दल ॲबोरिजिनल समाजाचे स्वतःचे संकेत आहेत, ते पाळावे लागतात.