स्टेअरिंगची थरथर

महिनाभर पिकअप साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग थडथडायचं. घोडबंदरला गायमुखच्या खड्ड्यांत तर हातातून सुटतंय की काय असं व्हायचं. आज कळंबोलीला दाखवली. मिस्त्रींनी जुना स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे हादरे शोषणारा तेलाचा शॉक अब्सॉर्बर, काढून हातात दिला. तेल गळून वर धुळीचा काळा लेप. दांडा दाबला तर सायकलच्या पंपासारखा भसकन आत! नव्याला दोन्ही हातांचा जोर लागला. बसवायला वीस मिनिटं, पण जुन्याचा गंजलेला नट सोडवायला दीड तास! मी पैसे काढतोय तर मिस्त्री म्हणतात, "शेठ, हा नुसती थरथर दाबतो. टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा, ढिला आहे, खरं दुखणं तिथे." तोही बदलला, मग चाकांची अलाइनमेंट. खिसा हलका झालाच. सायन-पनवेल हायवेला काटा सत्तरवर, स्टेअरिंग गप्प. आता डॅशबोर्डची खडखड ऐकू येतेय.