तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ वर्षांच्या मुलीसाठी गिटार कोणती घ्यावी?

"मुलगी नऊ वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात क्लास सुरू होतोय, बजेट चार हजारांपर्यंत. कोणती गिटार घेऊ?" थोड्याफार फरकाने हाच प्रश्न सारखा येतो, आणि विचारणाऱ्याला बहुधा एका ब्रँडचं नाव हवं असतं. नावं सांगतो, पण नंतर. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या, तर एक वाजवण्याजोगी निघते आणि दुसरीवर साधा सी कॉर्डही (एकत्र छेडायचा सुरांचा गट) धड दाबला जात नाही. मुलं दोन महिन्यांत गिटार कोपऱ्यात ठेवून देतात तेव्हा घरात "तिला आवडच नव्हती" असं ठरतं. तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीपासून) पाच मिलिमीटर वर होत्या, हे कोणी मोजलेलं नसतं.

आधी माप. 'बिगिनर' म्हणून सगळीकडे दिसणारी ३८ इंची गिटार एकूण लांबीने लहान असते, पण तिचं स्केल, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (पेटीवरची, तारा टेकतात ती पट्टी) हे तारेचं अंतर, मोठ्या गिटारीच्या जवळपास जातं. ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ठीक. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारीचं स्केल ६५० मिमी असतं. पाऊण मापाच्या यामाहा सीएस४०चं ५८० मिमी. (पाऊण म्हणतात, पण लांबी काही पाऊणपट होत नाही.) पहिल्या चार फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यामधली जागा म्हणजे घर) पल्ला ६५०वर साधारण १३४ मिमी भरतो आणि ५८०वर १२०. सुरुवातीचे सगळे कॉर्ड याच चार घरांत असतात, त्यामुळे हे चौदा मिलिमीटर लहान हाताला फार मोठे.

उंचीचा ढोबळ हिशेब असा : ११० ते १३० सेमीला अर्धं माप, साधारण ३४ इंची, १३० ते १५० सेमीला पाऊण, ३६ इंची, त्यापुढे पूर्ण. खात्री मात्र खुर्चीवर बसवूनच करा. गिटार मांडीवर घेऊन उजवा हात पेटीवरून तारांवर आणला की खांदा वर चढता कामा नये, आणि डावा हात पहिल्या फ्रेटवर असताना कोपर चांगलं वाकलेलं राहिलं पाहिजे. कोपर सरळ होत असेल तर गिटार मोठी आहे. वाढत्या अंगाचं घ्यायची सवय गणवेशापुरती ठेवा. पाऊण मापाची गिटार दोन वर्षांनी विकली जाते. मूल सहाच्या आतलं असेल तर मी युकुलेलेच सुचवेन : चार नायलॉन तारा, छोटी मान, बोटांना त्रास नाही.

तारा नायलॉनच्या की स्टीलच्या, हे आधी क्लासच्या सरांना विचारा. ट्रिनिटी या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील तर नायलॉनच लागते; गाण्यांना कॉर्डची साथ शिकवणारे बहुतेक जण स्टीलवर शिकवतात. सर "काहीही चालेल" म्हणाले, तर अकरा वर्षांखाली माझा कौल नायलॉनला. पूर्ण मापावर .०१२च्या (सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी) स्टील सेटचा ताण सत्तर किलोच्या वर जातो, नायलॉनचा चाळिसाच्या आसपास राहतो. नायलॉनची मान रुंद असते, हा तिचा तोटा : नटपाशी ५२ मिमी, स्टीलला सुमारे ४३. पाऊण मापात ती ४८च्या आसपास येते, म्हणून निभावतं. नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तिचा ब्रिज, म्हणजे पेटीवरचा सॅडल धरणारा लाकडी तुकडा, तेवढ्या ताणासाठी चिकटवलेला नसतो; तो उचलला जातो, आणि बहुतेकींच्या मानेत ट्रस रॉडही (ताण सोसणारी आतली धातूची सळई) नसल्याने मानही वाकते.

स्टीलच घ्यायची असेल तर दुकानातच .०१०चा सेट चढवून घ्या. सुरुवातीला सगळ्या तारा एक-एक सूर, म्हणजे दोन-दोन फ्रेट, खाली उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा. ताण साधारण वीस टक्क्यांनी कमी होतो, नटची उंची आड येत नाही, घरंही जवळ येतात, आणि सूर क्लासमधल्या इतर गिटारींशी जुळतो. बोटं घट्ट झाली की कॅपो काढा.

दुकानात जाताना अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी न्या. दुकानदार कौतुकाने बघणार नाही, पण न्या. गिटार सुरात लावून घ्या आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचं अंतर मोजा. स्टीलला जाड सहाव्या तारेखाली २.५ आणि बारीक पहिलीखाली २ मिमीच्या आसपास. नायलॉनला ४ आणि ३. स्वस्त स्टील गिटारीत साडेचार-पाच सर्रास दिसतं. ते कशामुळे आहे यावर घ्यायची की नाही ते ठरतं. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्यापाशी फट बघा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. त्याहून बरीच जास्त फट म्हणजे मान पुढे वाकली आहे. ट्रस रॉड असेल तर ॲलन कीने (षट्कोनी चावीने) तो पाव-पाव फेरा घट्ट करत ती सरळ होते. मान सरळ आहे, तरी तारा उंच असतील तर सॅडल काढून खालच्या बाजूने घासतात : सॅडल २ मिमी उतरलं की बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी होतं. पण सॅडल आधीच ब्रिजला टेकत आलेलं असेल आणि तरी तारा वर, तर मान मुळातच चुकीच्या कोनात बसली आहे. ती गिटार तिथेच ठेवा. तिच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीहून जास्त होईल.

आता नट. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा, केसाएवढी पुरे. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर एफ कॉर्डला बोटं कळवळतात, आणि तार जास्त खाली दाबावी लागल्याने पहिल्या घरातला सूर चढा येतो. दोष गिटारीचा असतो आणि बोलणी मुलीला बसतात. हे काम कारागीर बारीक कानशीने अर्ध्या तासात करतो.

बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) दोन्ही वेळा काटा जवळपास एकाच जागी यायला हवा. शेपटाकडे तारा अडकवायचं धातूचं टेलपीस आणि सुटा ब्रिज असलेल्या स्वस्त गिटारी मिळतात. त्यांत ब्रिज जरा सरकला तरी सगळे सूर बिघडतात. नवशिक्या मुलाला ती देऊ नका. बाकी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून झिणझिण ऐका, फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा, आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरतो का बघा. शिरला तर नको.

कटअवे (पेटीचा कापलेला खांदा), पिकअप (स्पीकरला जोडायची सोय), चकचकीत काळा रंग, सोबतचं 'किट' यांसाठी पैसे मोजू नका. सॉलिड टॉपची (पेटीचा वरचा भाग अखंड लाकडाचा) हावही नको. लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेलं लाकूड, आवाजात थोडं मागे असतं, पण मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तेच टिकतं. दमट हवेत लाकूड फुगून तारा वर येतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते आकसून फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर ब्रिजचा गोंद सुटतो.

चार हजारांत मी गिटारीवर तीन खर्च करीन आणि उरलेल्यात सेटअप (तारांची उंची कारागिराकडून नीट करून घेणं), तारांचा एक जादा सेट, क्लिप ट्यूनर बसवीन. त्या पैशांत जुआरेझ, केडन्स यांच्यापैकी हातात जी चांगली मोजली जाईल ती. बजेट दहाच्या आसपास जात असेल तर नायलॉनमध्ये सीएस४०. मुलाला पूर्ण माप बसत असेल तर स्टीलमध्ये यामाहा एफ२८० किंवा एफ३१०. पुण्यासारख्या शहरात कॉलेज संपवून परतणारी मुलं हीच मॉडेलं निम्म्या-पाऊण किमतीत विकतात. तिथेही पट्टी न्याच.

ऑनलाइन मागवणार असाल तर खोकं आल्या दिवशीच सुरात लावून हे सगळं मोजा, पट्टी दिसेल असे फोटो काढा, आणि परतीची मुदत संपण्याआधी क्लासच्या सरांच्या हातात एकदा द्या. नायलॉनच्या नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस सारख्या उतरत राहतात. त्या कारणाने मात्र परत पाठवू नका.