आमची वाटचाल : ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तेव्हा

लहान मुलांच्या कवितांची रंगीत पुस्तकं आम्ही 1996 पासून काढतो. पुण्यात सदाशिव पेठेत दीड खोलीचं ऑफिस आहे आणि पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. विषय पहिल्यापासून घरातलेच: गारा, गोधडी, भातुकली, आजीचा लाडवांचा डबा. पऱ्या-राक्षस आमच्याकडे नाहीत. आकार क्राउन चौथाई. 20 बाय 30 इंची शीटला आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठांचा फर्मा. पुस्तक चोवीस पृष्ठांचं, दीड फर्म्याचं. आत 130 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 130 ग्रॅम) गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हरला 250 चं आर्टकार्ड, मध्ये दोन पिना. कापल्यावर प्रत शंभर ग्रॅमच्या आत बसते.

चित्रं काढणारे आमचे पहिले भागीदार. पैसे आमचे निम्मे होते, डोकं त्यांचं सगळं. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढायचं हा त्यांचा नेम. लहान करून छापलं की ब्रशचा थरकाप दिसत नाही, रेघ घट्ट होते. पोस्टर कलरच्या बाटल्यांतली चमकदार पोपटी आणि राणी रंगाची बाटली त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटावर ठेवून दिली. छपाईचे चार रंग मिसळून ते दोन रंग येतच नाहीत, मळतात. मूळ चित्र पाहून खूश झालेला कवी छापील पान पाहून रुसतो तो इथेच.

पान कुठे उलटायचं तेही त्यांनीच ठरवून दिलं. ‘आजीच्या डब्यात दडलंय काय?’ हे उजव्या पानाच्या तळाशी, लाडू पान उलटल्यावर. समोरासमोर छापलं तर पोर आधी लाडूच बघतं, प्रश्न वाया जातो.

कविता आम्ही मात्रा मोजून घेतो. सोळा मात्रांची ओळ, आठ-आठचे दोन तुकडे, टाळी धरता आली पाहिजे.

टप टप टप टप पडती गारा
पत्र्यावरती झडे नगारा

एका मुद्रितशोधकाने ‘झडे’ पोरांना कळणार नाही म्हणून ‘वाजे’ केलं होतं. अर्थ तोच, पण मात्रा सतरा. बालवाडीत म्हणून घेतलं तर सगळी पोरं त्याच जागी अडखळली. न कळलेला शब्द पोरं चालवून घेतात, वाढलेली मात्रा नाही.

1998 पासून पुढे सांगण्यासारखं फार नाही. वर्षाला दोन पुस्तकं, जूनमध्ये विक्री, दिवाळीत थोडी. सांगायचं आहे ते 2012 चं.

वाऱ्याच्या कवितांचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं. मजकूर जुन्या फाँटमध्ये होता, युनिकोड ही संगणकावरची आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. एका शिक्षणसंस्थेची 1200 प्रतींची मागणी हातात होती, म्हणून धीर करून 3000 छापल्या. पुस्तकातली पहिलीच कविता:

दऱ्या उतरला, वारा आला
परकर माझा फुगुनी गेला

छापून आलं ‘दर्या उतरला’. डोंगरातून वारा यायचा तिथे समुद्र उतरला. पुढे ‘वार्यावर’, ‘पायर्या’, ‘कोपर्यात’, अशा एकूण अकरा जागा. दऱ्या म्हणजे तीन मात्रा, दर्या म्हणजे चार, तेव्हा अर्थ तर गेलाच, चालही गेली.

कारण जाणकारांना ठाऊक असेल, तरी सांगतो. मराठीतला हा आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहितात. एकतर खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त, नाहीतर साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. मजकूर बदलताना किंवा एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात चिकटवताना ते चिन्ह गळलं, की ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हिंदीला हा ‘र’ लागत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेल्या सॉफ्टवेअरला चूक दिसतच नाही. पण खरी चूक आमची. सही केलेलं प्रूफ जुन्या फाइलचं होतं आणि छपाईची प्लेट नव्या फाइलची निघाली.

संस्थेने गठ्ठे परत पाठवले. त्यांचं चुकलं नाही. मात्र मागणी आठ दिवसांत दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली ते अजून खुपतं. त्याचं पुस्तक सोळा पृष्ठांचं, 70 जीएसएमच्या कागदावर. मागच्या पानावरचा हत्ती पुढच्या पानावरच्या आईच्या पदरातून दिसायचा. चित्रं इंटरनेटवरून उचललेली, अंगणात बर्फाचा माणूस! मात्रांचं तर बोलायलाच नको. किंमत आमच्या निम्मी. ‘ऱ्य’ मात्र त्याचा बरोबर होता, एवढं मान्य करावं लागतं.

आता 3000 प्रतींचं करायचं काय? अकरा चिकटपट्ट्या गुणिले तीन हजार, हा हिशेब कागदावरच सोडला. सुदैवाने अकराही चुका सोळा पृष्ठांच्या फर्म्यात होत्या, आतला आठ पृष्ठांचा अर्धा फर्मा स्वच्छ होता. दुसरं सुदैव म्हणजे अक्षरं फक्त काळ्या रंगात होती. चित्राच्या उरलेल्या तीन रंगांच्या सहा प्लेटा (दर रंगाला शीटच्या दोन बाजूंच्या दोन) प्रेसने जपून ठेवल्या होत्या. पुढच्या-मागच्या बाजूच्या दोन काळ्या प्लेटा तेवढ्या नव्या काढल्या. साडेसहा रीम कागद लागला, 25 किलोचं एक रीम. तीन हजार शीट म्हणजे सहा रीम, उरलेलं अर्धं मशीन लागेपर्यंत खराब होणाऱ्या शीटांचं.

छपाई सोपी गेली, बाइंडिंगने जीव घेतला. पिना एकेक उचकटून काढल्या. चिमट्याने ओढली तर कव्हर फाटतं. आधी आतून दोन्ही पाय सरळ करायचे, मग पाठीकडून पातळ पट्टी घालून उचलायची. नवा फर्मा न कापलेला, कव्हर आणि आतला फर्मा मात्र आधीच कापलेले. तिन्ही एका रेषेत यायला तिन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर पुन्हा कापावं लागलं. पृष्ठांकाला कडेपासून आठ मिलिमीटर सोडले होते, पाच उरले. कव्हरवरच्या मांजरीच्या शेपटीचं टोक गेलं. नव्या पिना जुन्या भोकांत बसेनात, म्हणून सेंटिमीटरभर आत मारल्या, आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीवर चार भोकं उघडी राहिली. दोन वर्षं नवं पुस्तक काढता आलं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. अक्षर शंभर टक्के काळ्यातच ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा केसभर सरकला तरी काना-मात्रेला लाल-निळी कड येते आणि चूक निघाली तर आठही प्लेटा जातात. 24 पॉइंटच्या अक्षराला ओळ 34 ची ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मराठी लिपी आणि वर्णमालेबद्दलचा शासनाचा 6 नोव्हेंबर 2009 चा निर्णय वाचा, आणि त्यानंतरचा सुधारितही. पोर शाळेत देठाचा श आणि पाकळीचा ल गिरवतं, फुकटच्या फाँटात बहुधा हिंदी वळणाचे असतात. पुस्तकावर जीएसटी शून्य म्हणून हुरळू नका, कागदावर भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीत धरा. आर्ट पेपरचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. भिजला की त्यावरचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटतात, वाळवलं तर वीट होते. साधा, लेप नसलेला मॅपलिथो कागद निदान दोरीवर तरी वाळतो.

साताऱ्याकडच्या एका बालवाडीच्या बाई दर जूनला 40 प्रती नेतात, अगदी सुरुवातीपासून. पैशांबरोबर चिठ्ठी येते, त्यात फक्त तक्रारी असतात. कव्हरचे कोपरे टोचतात, हे त्यांनी कळवल्यावर आम्ही कोपरे गोल करून घेऊ लागलो. पावसाळ्यात पिना गंजतात, हेही त्यांचंच. तेव्हापासून तार गॅल्व्हनाइज्डच. 2013 च्या जूनला त्यांना भोकांच्या प्रती पाठवायच्या की नाही, यावर ऑफिसात दोन दिवस वाद झाला. शेवटी खुलासा लिहून, अर्ध्या किमतीत पाठवल्या.

बाईंनी पैसे पूर्ण पाठवले. चिठ्ठीत भोकांबद्दल अक्षर नव्हतं. लिहिलं होतं : ‘पान 7 वरच्या पतंगाला दोरा नाही. मुलं रोज विचारतात.’

मूळ चित्र काढून पाहिलं. तिथेही दोरा नव्हता. सतरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीला काळ्या प्लेटवर अर्ध्या पॉइंटची रेघ वाढवली.